नखावरची धार

आधीच सांगून टाकते, तो शेवटचा सामना आम्ही हरलो. तीन विरुद्ध एक. ज्यांना आइस हॉकीत कोण जिंकलं एवढंच हवं असतं त्यांनी इथेच थांबावं, मला राग नाही. मला सांगायचंय ते नीलकंठबद्दल, म्हणजे माझ्या नवऱ्याबद्दल. आणि तो काही खेळाडू नव्हे. खेळाडू कसला, बर्फावर उभा केला तर दोन मिनिटांत बसकण मारेल. तो पात्यांना धार लावायचा. 'सेंदाई हाकुचो' नावाच्या टीमचे बावीस खेळाडू, म्हणजे बुटांची चव्वेचाळीस पाती, आणि ती सगळी ह्या एका माणसाच्या हाताखालून जायची.

हाकुचो म्हणजे हंस. थंडी पडली की उत्तरेकडून हंस इथल्या तळ्यांवर उतरतात आणि मार्चात निघून जातात. टीमचंही तसंच, सप्टेंबरात जागी होते, मार्चात संपते. नावाला व्यावसायिक, पण मोठी कंपनी पाठीशी नाही. शर्टावर जाहिराती कोणाच्या, तर एक मिसोचा कारखाना, एक टायरवाला आणि एक दातांचा डॉक्टर. पहिल्यांदा शर्ट बघून मी हसले होते. नीलकंठ हसला नाही. तो म्हणाला, "अगं, त्या डॉक्टरकडे आपल्या गोलकीपरचे चार दात आहेत."

हा माणूस इथवर कसा पोहोचला ते सांगायला हवं. आम्ही आधी टोक्योजवळ ग्योतोकुला राहायचो. खाली उतरलं की मराठी, गुजराती, तमिळ सगळं कानावर पडायचं, गणपतीला मोदकांची पैज लागायची. मग नीलकंठला सेंदाईच्या विद्यापीठात पोस्टडॉक मिळालं. धातू एकमेकांवर घासून कसे झिजतात, हा त्याचा विषय. पाच वर्षांनी करार संपला, पुढचा मिळाला नाही. माझी नोकरी टोक्योतल्या कंपनीची, घरूनच चालते, त्यामुळे खायची भ्रांत नव्हती. पण चौदा महिने हा घरी बसला. धातूंच्या झिजेवर डॉक्टरेट केलेला माणूस सकाळी ओट्यापाशी बसून कचरा वेगळा करायचा. बाटली वेगळी, झाकण वेगळं, लेबल सोलून वेगळं. इतकं मन लावून करायचा की हेडफोन लावलेल्या माझ्या डोळ्यांत मीटिंगमध्येच पाणी यायचं.

तेव्हा आमची मैत्रेयी आठ वर्षांची होती आणि रिंकवर स्केटिंग शिकत होती. सारखी डावीकडे घसरायची. शिक्षिका म्हणाल्या, हिचा तोल कच्चा आहे. नीलकंठने तिचा बूट उलटा केला, खिशातलं भिंग काढलं आणि म्हणाला, "तोल ठीक आहे. पात्याची एक कड दुसरीपेक्षा उंच आहे." स्केटच्या पात्याला दोन कडा असतात आणि मधे पन्हळ, हे मला त्या दिवशी कळलं. रिंकवरच्या धारवाल्या म्हाताऱ्या आजोबांना त्याने जाऊन दाखवलं. मला वाटलं, आता हाकलतात ह्याला. त्या आजोबांनी पातं डोळ्यांजवळ नेलं, मग लांब नेलं, आणि म्हणाले, "मला आता दिसत नाही हो. तुम्ही उद्या येता का?"

दुसऱ्या दिवशी गेला तो गेलाच. वर्षभरात आजोबा निवृत्त झाले आणि टीमचं यंत्र ह्याच्या ताब्यात आलं. रिंकच्या मागच्या अंगाला, खिडकी नसलेली, जेमतेम पलंगाएवढी खोली. मी आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "एवढं शिकून शेवटी धारवाला झाला होय गं?" मी चिडले. म्हटलं, "हो, धारवाला. आणि रात्री झोपतो आता."

बोलायला मात्र हा माणूस म्हणजे आनंद. तोंडात मिठाची गुळणी धरून बसल्यासारखा. चार वाक्यांचं काम एका 'हं'वर उरकतो. त्याच्या हाताखालचे खेळाडूही तसलेच, आणि त्यातले सगळ्यात अबोल म्हणजे मोनमा-सान.

मोनमा-सान टीमचे गोलकीपर. वय सदतीस, टीममध्ये सोळावा मोसम. आओमोरीकडच्या मच्छीमाराचा मुलगा, मान खांद्यात बसवलेली, हसले की त्या डॉक्टरने बसवलेले चार दात दिसायचे. त्यांची एक सवय होती. धार लावलेला बूट हातात आला की उलटा करायचा आणि अंगठ्याचं नख पात्याच्या दोन्ही कडांवरून टाचेपासून चवड्यापर्यंत ओढायचं. कड नीट असेल तर नखावरून पांढरा भुगा निघतो. तो बघायचा, मान हलवायची, आणि मग बूट घालायचा. जुने आजोबा असतानाही हेच, नीलकंठ आल्यावरही हेच. नीलकंठच्या चार मोसमांत एकदाही बूट परत आला नव्हता. त्या मान हलवण्यासाठी माझा नवरा जगत होता म्हटलं तरी चालेल. स्वतःच्या अंगठ्यावरही तो प्रत्येक पातं आधी तपासायचा. त्याचं नख कायम चरे पडलेलं असायचं. इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला सगळ्यांसमोर तो हात पाहून एकीने मला विचारलं होतं, "काही लागलंय का हो त्यांना?"

आता खंडेनवमी. माझ्या सासऱ्यांचं भोसरीत वर्कशॉप होतं, दोन लेथ आणि एक ग्राइंडर. खंडेनवमीला सगळी यंत्रं पुसून, हळदकुंकू वाहून, झेंडूची माळ घालून बंद ठेवायची. त्या दिवशी हत्यार वापरायचं नाही, ते देवाचं. एका वर्षी कोणाचा तरी अडलेला जॉब आला. एकच नग. सासऱ्यांनी माळ बाजूला सारून ग्राइंडर चालू केला आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. नीलकंठ तेव्हा नऊ वर्षांचा होता, दारात उभा होता. ही गोष्ट तो कधी सांगत नाही. मला सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्याच दसऱ्याला सांगितली आणि माझ्या मनात ती घट्ट बसली. मी काही देवभोळी नाही. चतुर्थीला ऑम्लेट खाल्लेली बाई आहे मी. पण नवऱ्याचे हात रोज फिरत्या चाकापाशी असतात, तेव्हा अंधश्रद्धा वगैरे शब्द तोंडात येत नाहीत.

नीलकंठच्या चौथ्या मोसमात खंडेनवमी शनिवारी आली. शनिवारी दुपारी तीनला घरच्या मैदानावर सामना. मी नीलकंठला बजावलं, "सगळी पाती शुक्रवारी करून ठेव. शनिवारी चाकाला हात लावायचा नाही." त्याने शुक्रवारी संध्याकाळपर्यंत चव्वेचाळीस पाती केली. मग यंत्र पुसलं, हळदकुंकू वाहिलं. होम सेंटरमधून मी झेंडूची कुंडी आणली होती, त्यातली फुलं ठेवली आणि चाकाला लाल दोरा बांधला. मला फोटो पाठवला. मी तो सासूबाईंना पाठवला. सगळं कसं छान.

शनिवारी बाराला फोन आला. नीलकंठ म्हणाला, "जयंती, सकाळच्या सरावात मोनमा-सानचं डावं पातं गोलच्या खांबावर आपटलंय. आतल्या कडेला खाच पडलीये."

"मग?"

"मग काय. चाकावर धरावं लागेल. एकच पातं आहे गं."

मी काय बोलले ते मला शब्द न् शब्द आठवतं. मी म्हटलं, "एक काय आणि शंभर काय! बाबांचाही एकच नग होता. नीलकंठ, शपथ आहे तुला माझी. हातदगडाने घास आणि दे."

हातदगडाने फार तर कडेवरची बर, म्हणजे धातूचं बारीक कुसळ, निघते. खाच निघत नाही. हे त्याला माहीत होतं, मला नव्हतं. म्हणजे खरं सांगायचं तर मला माहीत करून घ्यायचं नव्हतं. तो म्हणाला, "हं."

मी आणि मैत्रेयी सामन्याला गेलो होतो. दुसऱ्या सत्रात समोरच्यांनी मोनमा-सानच्या डावीकडून चाल केली, मग पक, म्हणजे खेळाची रबरी चकती, एकदम उजव्या टोकाला गेला. मोनमा-सानला डाव्या पायाने रेटा देऊन तिकडे सरकायचं होतं. ते सरकले नाहीत. डावा पाय बर्फावर लागलाच नाही, नुसता मागे गेला, आणि दोन्ही पाय दोन दिशांना फाकून ते खाली बसले. गोल झाला. ते उठले नाहीत. सगळं स्टेडियम इतकं शांत झालं की त्यांचा मुखवटा काढताना पट्ट्याचा आवाज वर आला. स्ट्रेचरवरून नेताना लोकांनी टाळ्या वाजवल्या, इथे तशी रीत आहे. मैत्रेयी टाळ्या वाजवत होती. मी नाही वाजवल्या.

जांघेचा स्नायू फाटला होता. निदान तीन महिने बर्फ नाही.

इथे प्रत्येक सामन्यानंतर एक बैठक असते, हानसेइकाई. सगळ्यांनी गोल बसायचं आणि एकेकाने उठून आपली चूक सांगायची. दुसऱ्याची नाही, आपली. सोमवारी ती झाली. मोनमा-सान कुबड्या घेऊन आले आणि उभं राहता येत नव्हतं म्हणून माफी मागून बसूनच बोलले, "माझे पाय थकलेत. ताकद कमी पडली." नीलकंठची पाळी आली. तो उठला आणि म्हणाला, "यापुढे जास्त काळजी घेईन." बस्स. एवढंच. घरी येऊन मला सांगताना त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"मी म्हणायला हवं होतं," तो म्हणाला.

"काय म्हणायला हवं होतं? खाच म्हणजे काय दरी होती? सदतीस वर्षांचा माणूस आहे, पडला. पडतात माणसं."

"खाच होती, जयंती. मी हात फिरवला होता त्यावरून."

"गप्प बस," मी म्हटलं. "पुन्हा चौदा महिने घरी बसायचंय का? पुन्हा बाटल्यांची लेबलं सोलायचीत? तुझ्यासाठी नाही, निदान माझ्यासाठी गप्प बस."

हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिते. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. मला मोनमा-सानची पर्वा नव्हती असं नाही. पण मला माझ्या माणसाची जास्त होती, आणि त्याहून जास्त माझी स्वतःची. कारण शपथ कोणी घातली होती, ते तो एकदाही बोलला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. भांडायला मी तयारच होते. पण तो नुसता जेवताना अंगठ्याचं नख दुसऱ्या बोटाने घासत बसायचा.

ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. टीम हरत होती. बदली गोलकीपर पोरसवदा, बिचारा घाबरायचा. क्लबचे मॅनेजर हिगुचि-सान. चांगला माणूस, पण कात्रीत सापडलेला. डिसेंबरात त्यांनी कर्मचाऱ्यांना बोलावून सांगितलं, होक्काइदोचा चोवीस वर्षांचा गोलकीपर जानेवारीत येतोय. मोनमा-सान आता बरे होत आलेत, पण पडले ते वयामुळे, त्यांनी स्वतःच बैठकीत कबूल केलंय. पाय गेले की गोलकीपर गेला. वर्षअखेरीस त्यांचा करार संपवायचा, फुलांचा गुच्छ द्यायचा. सोळा मोसम खेळलेला माणूस पुन्हा गोलमध्ये उभाच राहणार नाही, आणि तेही 'पाय थकले' म्हणून.

त्या रविवारी सकाळी नीलकंठ दाढी करून, कोट घालून बाहेर आला. टेबलावर स्टेशनजवळच्या दुकानातला मिठाईचा खोका. इथे माफी मागायला जाताना तसा नेतात. म्हणाला, "मी मोनमा-सानकडे जातोय."

मला वाटलं होतं मी भांडेन. पण तोंडातून निघालं, "थांब, मी साडी बदलते." त्या घरात एकटा जाऊन हा सगळं स्वतःवर घेणार हे मला दिसत होतं. मैत्रेयीला एकटीला ठेवायचं नव्हतं म्हणून तिलाही घेतलं. बारा वर्षांची पोरगी, तिला आम्ही फक्त 'मोनमा-सानला भेटायला' एवढंच सांगितलं.

मोनमा-सानचं घर लहान, नीटनेटकं. त्यांच्या बायकोने चहा ठेवला आणि त्या आतल्या खोलीत गेल्या. नीलकंठने खोका पुढे सरकवला, मागे सरला आणि कपाळ थेट चटईला टेकवलं. मैत्रेयीने बापाला असं कधी पाहिलं नव्हतं. ती माझ्या दंडाला बिलगली. नीलकंठने जपानीत सांगितलं: खाच होती, यंत्रावर धरायला हवी होती, धरली नाही. तुमचे पाय थकले नव्हते. माझं काम कमी पडलं.

मोनमा-साननी विचारलं, "यंत्र का नाही चालवलंत?"

इथे नीलकंठ अडखळला. त्याची जपानी कामापुरती आहे, पोलादाची आहे. देवाची नाही. तो म्हणाला, "माझ्या घरची पद्धत. त्या दिवशी… मी ठरवलं."

मी ठरवलं म्हणे! मला वाटलं, जयंती, आता गप्प बसलीस तर जन्मभर बसशील. माझी जपानी जेमतेम दुकानापुरती, म्हणून मी मराठीत म्हटलं, "मैत्रेयी, त्यांना सांग, बाबा यंत्र चालवणार होता. त्याने मला फोन केला. मी शपथ घालून थांबवलं."

मैत्रेयीने माझ्याकडे पाहिलं. "होन्तो?" ती म्हणाली. खरंच?

"खरंच. सांग."

तिने सांगितलं. खाली मान घालून, एकेक शब्द शोधत, त्यांच्या भाषेतल्या अगदी आदराच्या शब्दांत तिने आपल्या आईची चूक सांगितली. मग आजोबांच्या बोटांचंही सांगितलं. ते मी सांगायला लावलं नव्हतं. तिला ते कधी, कोणी सांगितलं, मला आजही माहीत नाही. मी रडत होते, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

मोनमा-सान बोलले तेव्हा मैत्रेयी मला तिच्या तुटक मराठीत सांगत गेली.

"ते म्हणतात, त्यांना माहीत होतं. खेळायच्या आधी त्यांनी नख लावून बघितलं. खाच होती."

नीलकंठने मान वर केली.

"ते म्हणतात, ते बाबाला विचारायला खोलीत आले होते. बाबा नव्हता. त्यांनी फुलं बघितली, लाल दोरा बघितला. त्यांची आजी वर्षातून एक दिवस शिवायची नाही. सगळ्या सुया तोफूमध्ये टोचून ठेवायची. सुयांना सुट्टी. म्हणून त्यांना वाटलं, यंत्राला पण सुट्टी आहे. दोरा सोडा असं कसं म्हणणार?"

मग मोनमा-सान आणखी काहीतरी हळू बोलले. मैत्रेयीलाही ते दोनदा विचारावं लागलं.

"आणि ते म्हणतात, हे पहिलं कारण खरं आहे, पण अर्धं. त्यांच्या वयात कोणी धारेची तक्रार केली, तर लोक पाय बघायला लागतात. म्हणून ते गप्प बसले. आणि मग मीटिंगमध्ये पाय थकले म्हणाले. ते खोटं होतं. माफ करा म्हणतात."

आणि त्या माणसानेही आमच्यापुढे मान वाकवली. एका छोट्याशा खोलीत तीन मोठी माणसं एकमेकांसमोर वाकून बसलेली आणि मधे एक पोर. एका खाचेपायी अडीच महिने तिघंही तोंड शिवून बसलो होतो. प्रत्येकाला वाटत होतं, कोणीतरी बोललं तर आपलं काही खरं नाही.

मोनमा-सान म्हणाले, "हिगुचि-सानना हे सांगू नका. तुमची नोकरी जाईल. माझं जे व्हायचं ते झालंय."

नीलकंठ म्हणाला, "मी शुक्रवारीच सांगितलंय."

अहो, मला सुद्धा माहीत नव्हतं! दोन दिवस हा माणूस घरात वावरला, वरणभात जेवला, कपडे वाळत घातले, आणि एका अक्षराने बोलला नाही. मोनमा-साननी कप खाली ठेवला तो बशीवर नीट बसलाच नाही.

हिगुचि-साननी दुसऱ्या आठवड्यात निर्णय दिला. पडण्याचं कारण पाय नव्हते, त्यामुळे मोनमा-सानचा करार मोसम संपेपर्यंत राहील, तब्येत साथ देईल तर शेवटच्या घरच्या सामन्यात ते गोलमध्ये उभे राहतील. नीलकंठचं काम मार्चअखेर संपेल. तोवर बाकीची पाती त्यानेच करायची, मात्र मोनमा-सानचे बूट शहरातल्या दुकानात जातील. नोकरी जाण्याचं नीलकंठला काही वाटलं नाही. ह्या शेवटच्या वाक्याने तो मोडला. जानेवारी, फेब्रुवारी, दर शुक्रवारी तो एकवीस जोड करायचा आणि बाविसाव्या खुंटीकडे बघायचा नाही. मी विचारलं तर म्हणायचा, "बरोबरच आहे त्यांचं."

मी घरी रोज त्याच्यासाठी काहीतरी गोड करत होते. शिरा, खीर, पुरण. जीभ चालवण्यात मी कमी नाही, पण माफी मागायची वेळ आली की माझे हात चालतात, तोंड चालत नाही. एक दिवस त्याने वाटी बाजूला सारली आणि म्हणाला, "बास आता. वजन वाढतंय." आणि हसला. तेव्हा मला जरा श्वास घेता आला.

शेवटचा सामना मार्चातल्या शनिवारी, दुपारी तीन. मी लवकर गेले होते, त्याच्या खोलीतलं सामान खोक्यात भरायला. भिंग, हातदगड, आजोबांनी दिलेला फडका, मैत्रेयीचा लहानपणचा एक बूट. एकच्या सुमारास दार वाजलं. मोनमा-सान होते. अंगावर गोलकीपरचं अर्धं चिलखत, पायांत सपाता, आणि हातात बूट.

नीलकंठ म्हणाला, "हे दुकानातून झालेत ना?"

"झालेत," मोनमा-सान म्हणाले. "पुन्हा करा."

नीलकंठ उभाच राहिला. क्लबने मनाई केली होती. दोघंही मनाई मोडणाऱ्यांतले नव्हेत. मी म्हटलं, "घे रे." पुढे काही बोलले नाही. त्या खोलीत माझं बोलणं आधीच खूप झालं होतं.

त्याने बूट घेतला, पातं पकडीत बसवलं, चाक चालू केलं. मी त्याला काम करताना कधी पाहिलं नव्हतं. चार मोसम, आणि मी एकदाही त्या दारात उभी राहिले नव्हते. पातं चाकावरून एका संथ गतीने जायचं, एकदा, दोनदा, सहा वेळा, ठिणग्यांची बारीक ओळ उडायची. श्वास तो पातं सुटल्यावरच घ्यायचा. मग दुसरं पातं. मग हातदगडाने बर काढली, फडक्याने पुसलं, स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर दोन्ही कडा ओढून पाहिल्या. पांढरा भुगा निघाला. मग बूट उलटे करून, पाती वर ठेवून, मोनमा-सानपुढे धरले. ते नेहमी नख लावतात म्हणून तो तसेच धरायचा.

मोनमा-साननी बूट घेतले. सुलटे केले. बाकावर बसून आधी डावा पायात सरकवला, मग उजवा, आणि वाकून नाड्या बांधायला लागले.

नीलकंठ न राहवून म्हणाला, "नख…"

त्यांनी नुसती मान हलवली. सोळा मोसमांत, कोणत्याही धारवाल्यापुढे, त्यांनी पातं न तपासता बूट घातला नव्हता. डाव्या पायाची गाठ त्यांनी दोनदा मारली, उठले, आणि आम्हा दोघांकडे बघून म्हणाले, "इत्ते किमासु." घराबाहेर पडताना इथे असंच म्हणतात, आपण 'येतो हं' म्हणतो तसं.

"या," नीलकंठ मराठीतच म्हणाला.

मी दारात उभी होते. बाजूला झाले आणि त्यांना वाट दिली.